बेंबीवरचं माप

माणसाचं पोट सुटायला लागलं की ते सगळ्यात आधी त्याच्या टेलरला कळतं. बायकोला रोज बघून सवय झालेली असते, आरसा समोरूनच दाखवतो, आणि ज्याचं त्याला तर काहीच दिसत नसतं. टेलरच्या हातात मात्र टेप असतो आणि पुढ्यात गेल्या वर्षीची मापं लिहिलेली वही. नव्वदीच्या दशकात बेलापुरात माझं जेंट्स टेलरचं दुकान जोरात होतं, तेव्हा गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पोटांचा हिशोब माझ्या वहीत होता. तो मी कुणाला सांगत नसे. टेलरनं न्हाव्यासारखं तोंड सोडू नये, असं माझे मास्तर शिकवायचे. मी त्यांचं बाकी फारसं काही ऐकलं नाही, पण हे मात्र नको तिथं नको तितकं ऐकलं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला न सांगायची एक गोष्ट असते. पँटची कंबर आणि माणसाची कंबर या दोन वेगळ्या जागा आहेत. तरुणपणी दोन्ही एकाच ठिकाणी असतात. पुढे पोट यायला लागलं की पँट हळूहळू पोटाखाली उतरते आणि खालच्या हाडावर जाऊन बसते. हाड काही सुटत नाही. म्हणून छत्तीसची पँट घालणारा माणूस पंधरा वर्षं छत्तीसचीच पँट घालतो आणि चारचौघांत सांगतो, आपली कंबर लग्नापासून तीच आहे. टेलर मान डोलावतो आणि त्याचं आसन, म्हणजे कमरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं माप, दर वर्षी पाव इंच कमी लिहितो. शर्टाच्या पानावर मात्र छाती, पोट, सीट अशी ओळीनं मापं असतात. तिथं पोट पोटावरच मोजावं लागतं, नाहीतर बटणं लागत नाहीत.

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, जवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या काट्यावर यायच्या, दाजी वजन बघून पावती फाडायचे. दहावीत आपटल्यावर मी गावभर भटकत होतो, तेव्हा याच माणसानं मला सायकलच्या दांडीवर बसवून श्रीरामपूरला नेलं आणि एका टेलर मास्तरांच्या हातात दिलं. "ह्याला मानूस करा," एवढंच म्हणाले. पुढे माझं दुकान निघालं तेव्हा पहिली पँट त्यांनी शिवून घेतली. ती एका पायात आखूड झाली होती. दाजी ती तशीच दोन वर्षं वापरत राहिले आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय माझाच लांब हाय.

त्यांचे हातपाय काटकुळे होते. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावला तरी मनगटावर फिरायचा. मागून बघितलं तर तिशीचा गडी वाटावा. बाजूला वळले की सदऱ्यात कलिंगड लपवून आणल्यासारखं पोट दिसायचं. लोक चेष्टा करायचे, पण ती कौतुकाची चेष्टा होती. पोट असलेला माणूस म्हणजे घरचं बरं चाललेला माणूस. अक्काचाही त्यात मान होता. नवऱ्याचं पोट सपाट राहिलं असतं तर आमच्याच आयाबायांनी तिला विचारलं असतं, जेवायला घालतेस का नाही म्हणून. दाजी स्वतः पोटावर थाप मारून दाखवायचे. "टनक हाय बघा. चरबी असती तर लोंबली असती," असं म्हणायचे, आणि आम्हा सगळ्यांना ते पटायचं. मलासुद्धा. त्यांनी साखरेची पोती तोलायच्या काट्यावर उभं राहून स्वतःचं वजनही केलं होतं. ते उंचीच्या मानानं ठीकच भरलं.

मग त्यांच्या पायाला एक जखम झाली ती महिनाभर भरेना. सारखी तहान लागायची, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. मी त्यांना श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्तात साखर निघाली, रक्तदाबही वाढलेला निघाला. दाजी हसून म्हणाले, साखर कारखान्यात एवढी वर्षं काढली, थोडी अंगाला लागणारच. डॉक्टर हसले नाहीत. तरुण होते, नुकतेच शिकून आलेले असावेत. त्यांनी दाजींना आडवं केलं, पोट दाबून बघितलं, मग दंडाची आणि पाठीची कातडी चिमटीत धरून बघितली.

"कातडीखालची चरबी अशी चिमटीत येते," ते म्हणाले. "तुमची येत नाही, कारण तुमची सगळी आत आहे. आतड्यांभोवती, लिव्हरभोवती. म्हणून पोट टणक लागतं. ही चरबी नुसती पडून राहत नाही. साखर हिच्यामुळे वाढते, रक्तदाब वाढतो, आणि पुढे हृदयाच्या नळ्या बंद पडतात. वजनाचं मला सांगू नका. मला पोटाचं माप सांगा."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जे टणक आहे म्हणून मिरवलं तेच वाईट निघालं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर चालायचं, गोड आणि तळलेलं बंद, भाकरी खा पण पोटाला तड लागेपर्यंत नाही. घाबरू नका, असंही म्हणाले. आतली ही चरबी चालण्याला आणि खाण्याला लवकर दाद देते, पोट दोन-तीन इंच उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. मग त्यांनी टेप काढला, बेंबीवर धरला, दाजींना श्वास सोडायला लावला आणि एका पिवळ्या कार्डावर पहिला आकडा लिहिला. चाळीस.

"दर महिन्याला एकाच माणसानं, एकाच जागी माप घ्यायचं आणि या कार्डावर लिहायचं. तीन महिन्यांनी मला दाखवा." मग मी कोण हे कळल्यावर म्हणाले, "तुम्ही टेलर आहात? मग हे काम तुमचंच." इथवर ठीक होतं. पण त्यांनी मला टेप कसा धरायचा तेही दाखवलं. बेंबीवर, आडवा, मागून खाली घसरू द्यायचा नाही. दवाखान्यात बसलेल्या पाच-सहा माणसांसमोर. माझा स्वभाव तेव्हा मिरचीसारखा होता. ज्या हातांनी मी हजारो मापं घेतली होती, त्यांना हा कालचा पोरगा टेप धरायला शिकवतो, याचा मला असा राग आला की बाकी जे काही ते बोलले त्यापेक्षा तोच घरापर्यंत माझ्यासोबत आला.

दाजींनी महिनाभर मनापासून केलं, हे मी सांगितलं पाहिजे. पहाटे नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. अक्कानं घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. कारखान्यात साखर न्यायला येणारे ड्रायव्हर लोक काट्यावर भजी आणायचे, दाजी त्यातलं एकही उचलायचे नाहीत. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं लोक म्हणाले, पण तो महिनाभर टिकला.

मग एका रविवारी, बाजाराच्या गर्दीतून ते दुकानात आले आणि कार्ड टेबलावर ठेवलं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, सगळी ओळखीची. दाजी शर्ट वर करून उभे राहिले. मी टेप बेंबीवर धरला, त्यांनी श्वास सोडला.

साडेचाळीस.

मी आकडा बोललो नव्हतो, पण टेपाकडे त्यांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तो अजून आठवतो. महिनाभर चाललेला माणूस, भज्यांवर पाणी सोडलेला माणूस, आणि अर्धा इंच वाढ. मागून एकानं विचारलं, "काय निघालं दाजी, पोटात बाळ का?" सगळे हसले. त्या हसण्यात माझ्या बोटांनी टेप खाली सरकवला, पोटाच्या खाली, पँटच्या जागेवर. मी म्हणालो, "थांबा, नीट बघू द्या." आणि मोठ्यानं सांगितलं, "सदतीस."

मग मला चेव चढला. म्हणालो, कंबर कमरेला मोजतात, बेंबीला नाही. डॉक्टरला सुई धरता येते, टेप धरता येत नाही. पुन्हा हसले सगळे, या वेळी डॉक्टरला. दाजीही हसले. मी कार्डावर झोकात सदतीस लिहिलं. माझ्या हातून घडलेली सगळ्यात मोठी लबाडी ती, आणि ती करताना मला आपण फार शहाणे आहोत असं वाटत होतं.

मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं की मला त्यांची दया आली. दया आली होती, ते खोटं नाही. पण दया आलेला माणूस रात्री घरी जाऊन खरं सांगतो, किंवा पुढच्या महिन्यात टेप वर चढवतो. मी ते केलं नाही. कारण मी चारचौघांत डॉक्टरची टर उडवली होती, आणि आता टेप वर चढवला असता तर टर माझी उडाली असती. एवढीच गोष्ट आहे. एका माणसाचा जीव एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला माझी दुकानातली ऐट. वजन करायचं काम दाजींचं होतं, पण त्या दिवशी काटा माझ्या हातात होता.

दुसऱ्या महिन्यात सदतीस. तिसऱ्या महिन्यात साडेछत्तीस. पहाटेचं चालणं आधी अर्ध्यावर आलं, मग रविवारपुरतं उरलं. अक्कानं साखरेचा डबा खाली आणला. तिला वाटलं, तीन-साडेतीन इंच उतरलंय, माणसानं किती दिवस कोरडं खायचं. एकदा मी जेवायला गेलो तर ताटात दाजींना पुरणपोळी आणि तुपाची वाटी. मी खाली मान घालून माझी पोळी खाल्ली. अक्का म्हणाली, "तुझ्या मापानंच ह्यांना धीर आलाय बग." पोळी गोड होती का नव्हती ते मला कळलं नाही.

तीन महिन्यांनी दाजी एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. दिवाळीच्या आधीचे दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या अंगात मीच शिवलेला बुशशर्ट होता, ऐसपैस, पाठीला चुण्या, पुढून सरळ पडणारा. पोट दिसू नये असा शर्ट शिवणं ही माझी खासियत होती. त्यासाठी राहात्याहूनसुद्धा गिऱ्हाइक यायचं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि खूश झाले, मग रक्ताचा कागद बघितला आणि कोड्यात पडले. पोट इतकं उतरलं आणि साखर तिथंच, असं सहसा होत नाही, म्हणाले. पुढच्या वेळी सकाळी उपाशी पोटी या, मी स्वतः मोजतो.

दाजींनी हे मला दुकानात हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. पुढच्या वेळी सगळं उघडं पडणार हे मला दिसत होतं, आणि त्या भीतीनं माझी दोन रात्री झोप उडाली. पण कारखान्याचा हंगाम सुरू झाला. काट्यावर गाड्यांची रांग लागली, रजा मिळेना, आणि दाजी म्हणाले, आता हंगाम संपल्यावर जातो. ते ऐकून मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण मला खरंच बरं वाटलं होतं.

त्या दिवाळीत त्यांनी शर्ट शिवायला टाकला. शर्टाचं माप घेताना काही करता येत नाही. टेप पोटावरूनच जातो. एक्केचाळीस. संक्रांतीनंतर एका लग्नासाठी सफारी शिवली तेव्हा बेचाळीस. मी वहीत लिहिलं. दोन्ही मापं माझ्याच अक्षरात, एका पानावर पोट बेचाळीस आणि शेजारच्या पानावर पँटची कंबर छत्तीस. पिवळ्या कार्डावर मी छत्तीस लिहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. दाजी गेल्यावर मी वही दोन कापडांखाली सरकवून ठेवली. दुकानाच्या पायऱ्या चढताना त्यांना दम लागत होता हे मी पाहिलं होतं. सफारीची ट्रायल घेताना त्यांचा श्वास शिट्टीसारखा ऐकू आला होता. मी विचारलं, तर म्हणाले, उसाची धूळ.

फेब्रुवारीत एका सकाळी काट्यावर गाडी चढलेली असताना दाजी पावती फाडता फाडता थांबले आणि खुर्चीवर बसले. घामानं शर्ट भिजला. कुणी म्हणालं पित्त असेल, सोडा पाजा. अर्धा तास सोड्यात गेला. मग जीपमध्ये घालून श्रीरामपूर, तिथून नगर. मी आणि अक्का मागच्या सीटवर, त्यांचं डोकं अक्काच्या मांडीवर. मी त्यांच्या शर्टाची बटणं सोडायला लागलो. माझ्याच हातानं शिवलेली काजं होती, आणि त्यांतून बटणं सुटेनात.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधीचे कागद मागितले. अक्कानं पिशवीतून सगळे कागद काढले आणि सगळ्यात वर ते पिवळं कार्ड ठेवलं. म्हणाली, ह्यांनी पथ्य पाळलंय, पोट उतरवलंय, माझा भाऊ दर महिन्याला माप घेतो. डॉक्टरांनी कार्डाकडे पाहिलं. मग खाटेवर पडलेल्या दाजींकडे पाहिलं. उघड्या अंगानं उताणं पडल्यावर कुठला शर्ट त्यांचं पोट झाकणार होता? डॉक्टर वयस्क होते. त्यांनी कार्ड अक्काच्या हातात परत दिलं, आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्याला मी आजही तोंड देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी गेले. पन्नाशीही झाली नव्हती.

दाजींसाठी पुण्यानुमोदनाची वंदना झाली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आल्या-गेल्याला अक्का सांगत होती, त्यांनी लई केलं, पोट चाळिसाचं छत्तीस केलं, माझ्या भावानं दर महिन्याला न चुकता बघितलं, पण नशिबापुढं काय चालतं. बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, असा मेहुणा मिळाया भाग्य लागतं. मी त्या हाताखाली उभा राहिलो. जमीन दुभंगली असती तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. पण ती दुभंगत नाही, आणि आपण चहाचे कप गोळा करत फिरतो.

त्यानंतर तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. कितीदा अक्काकडे ठरवून गेलो. ती ताट वाढायची, दाजींची काहीतरी आठवण काढायची, आणि मी जेवून परत यायचो. मला वाटायचं, तिच्याजवळ एवढंच तर उरलंय, की नवऱ्यानं प्रयत्न केला होता. ते कशाला काढून घ्यायचं? हेसुद्धा मी स्वतःला छान शिवून घातलेलं कापड होतं. खरं म्हणजे मी भित्रा होतो.

मग अक्काच्या मुलाचं, माझ्या भाच्याचं लग्न ठरलं. तो राहात्याला एका पतपेढीत लागला होता. दिवसभर खुर्ची, येणं-जाणं मोटारसायकलवर. लग्न बुद्धविहारात साधेपणानं होणार होतं, पण पोराला सूट हवा होता आणि तो मामानंच शिवावा असं अक्काचं म्हणणं होतं. दोघं दुपारी दुकानात आले. मी त्याला उभं केलं आणि खांद्याला टेप लावला. हात बापासारखे काटकुळे. बाजूला वळला आणि मला शर्टातला उभार दिसला. पंचविशीचं पोर.

अक्कालाही तो दिसलेला होता. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं ते पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"सुटाचं माप मागनं घे," ती म्हणाली. "आधी ह्याचं बेंबीवर घे. डॉक्टर म्हनले हुते तसं. रोज सांगतीया ह्याला, तुझ्या बापानं चाळिसाचं छत्तीस केलं हुतं, तुला का हुईना."

मी टेप बेंबीवर धरला. भाच्यानं श्वास सोडला. अडतीस. त्याचा चेहरा उतरला, अगदी बापासारखाच, आणि तो म्हणाला, "मामा, जरा खाली धर ना, पँट तिथं न्हाई घालत मी."

माझे हात तिथंच थांबले. मी टेप हलवला नाही. मोठ्यानं अडतीस म्हणालो, टेप गळ्यात टाकला आणि अक्काकडे वळलो.

"अक्का, दाजींचं छत्तीस नव्हतं."

तिला आधी कळलं नाही. मी जुनी वही काढली. ती कुठे आहे हे मला शोधावं लागलं नाही. शर्टाचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि बोट ठेवलं. पोट, एक्केचाळीस. खाली सफारी, पोट, बेचाळीस. मग पहिल्या रविवारचं सगळं सांगितलं, टेप खाली सरकवला ते, हसलो ते, डॉक्टर स्वतः मोजणार होते ते टळल्यावर बरं वाटलं तेसुद्धा. भाचा शर्ट हातात धरून तसाच उभा होता. अक्का बोटानं आकडे वाचत होती, पुन्हा पुन्हा, पोरं पाढे वाचतात तशी.

वहीवरचं बोट न उचलता तिनं विचारलं, "त्यांना ठावं हुतं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. टेप पोटावरून खाली सरकलेला माणसाला कळत नाही असं होत नाही. दाजींनी साडेचाळीसचा आकडा पाहिलाही होता. कदाचित त्यांनाही ते खोटं हवं होतं. मी तसं म्हणालो असतो तर माझी अर्धी लाज त्यांच्या माथी गेली असती, आणि अक्काचा नवरा तिच्या हातातून दुसऱ्यांदा गेला असता. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी एकट्यानंच केलं."

मी मनातून तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर मला जरा हलकं वाटलं असतं. तिनं कार्ड माझ्याकडे सरकवलं, टेबलावरचं पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"खरं लिही," ती म्हणाली.

माझ्याच अक्षरातल्या छत्तीसच्या खाली मी बेचाळीस लिहिलं. तिनं ते वाचलं. मग त्याच्या खाली बोट ठेवून म्हणाली, "आता ह्याचं." मी अडतीस लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती थांबली, कार्ड पुन्हा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि मुलाला घेऊन निघून गेली. चहा सांगितलेला होता, तो तसाच टेबलावर राहिला.

सूट त्यांनी माझ्याकडेच शिवून घेतला. ट्रायलला भाचा एकटा आला, आणि लग्नात अक्का माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मी धरून चाललो होतो की आता ती माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, रविवारी सकाळी, ती पोराला घेऊन आली. पुढच्या महिन्यातही आली. पहिल्यासारखी ती आता खुर्चीवर बसत नाही, घरचं काही सांगत नाही. भाचा शर्ट वर करतो, श्वास सोडतो. मी टेप धरतो. आणि मी आकडा वाचायच्या आधी अक्का पदर सावरून खाली वाकते आणि टेप बेंबीवरच आहे ना, ते स्वतः बघते.